फोटोंना नावं ठेवताना

२ फेब्रुवारी

लेकीचा हुकूम आहे की बॅकअप फसला की तिथल्या तिथे लिहून ठेवायचं. काय झालं, पडद्यावर काय आलं, मी काय केलं. "बाबा, तुम्ही फोनवर नुसतं 'बिघडलं' म्हणता. बिघडलं म्हणजे नेमकं काय, हे मला इतक्या लांबून कसं कळणार?"

बरोबर आहे तिचं. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लोक फोन करून "लिफ्ट बंद आहे" एवढंच सांगून मोकळे व्हायचे, तेव्हा माझंही डोकं फिरायचं. अरे, बंद आहे म्हणजे काय? दार लागत नाही, दिवा लागत नाही, की मधेच अडकली? तेव्हा आता मी गिऱ्हाईक आणि लेक मेकॅनिक. कपाटातून एक कोरी डायरी काढली आहे.

तर पहिल्यापासून. मागच्या महिन्यात एका सकाळी जुना कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. आतली डिस्क गेली होती. तिच्याबरोबर बायकोचं कितीतरी आठवड्यांचं काम गेलं. तिने घरातले सगळे जुने फोटो, माहेरचे, सासरचे, छापखान्यातले, एकेक करून स्कॅन केले होते आणि प्रत्येकाला नाव दिलं होतं. तिचं नाव म्हणजे अख्खं वाक्य असतं. कोण, कुठे, कशाला हसतंय, सगळं. ती छापखान्यात मुद्रितशोधक होती. लोकांच्या पुस्तकांमधल्या चुका काढण्यात तिची हयात गेली. अर्धवट काही ठेवणं तिला जमत नाही.

मला वाटलं होतं रडेल, निदान चिडेल तरी. ती म्हणाली, "असं होय. मग पुन्हा करू या." आणि खोकी खाली काढली. आता पुन्हा पहिल्यापासून चाललं आहे. प्रत्येक फोटो हातात घेते आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघते. या वयात एवढा उत्साह माझ्यात नाही.

लेकीने नवा कॉम्प्युटर पाठवला आणि सोबत साबणाच्या वडीएवढी एक डिस्क. ती केबलने जोडून ठेवायची. रोज दुपारी आम्ही जेवायला बसलो की कॉम्प्युटर आपल्या आपण सगळं तिच्यात उतरवून ठेवणार, म्हणजे पुन्हा तसलं काही झालं तरी काही जाणार नाही.

आजचा निकाल: "डिस्क सापडली नाही." डिस्क समोरच होती. मला दिसत होती.

५ फेब्रुवारी

सापडलं. बायको जेवायला उठली की कॉम्प्युटरही जरा वेळाने डोळे मिटतो, आणि झोपेत त्याला डिस्क दिसत नाही. सेटिंग बदललं. आता तो जागा राहील. बॅकअप झाला. लेकीला मेसेज टाकला, तिने अंगठा पाठवला.

११ फेब्रुवारी

पुन्हा फसला. पडद्यावर तेच, डिस्क सापडली नाही. यावेळी खरंच नव्हती. केबल काढलेली आणि डिस्क खिडकीत, झाडाच्या कुंडीशेजारी.

"ही तू काढलीस?"

"कुठली?"

"ही डिस्क."

तिने हातात घेऊन उलटसुलट केली. "ही कशाची आहे?"

"बॅकअपची. सांगितलं होतं ना."

"हां, हां. बॅकअपची."

माझीच चूक. या बारीकसारीक वस्तू सगळ्या सारख्याच दिसतात. एका चिठ्ठीवर "काढू नये" असं लिहून ती डिस्कवर चिकटवली. संध्याकाळी बघतो तर तिने लाल पेनने सुरुवातीला "कृपया" घातलं होतं.

१२ फेब्रुवारी

बॅकअप झाला. आज दुपारची कॉफी दोनदा मिळाली. तक्रार नाही.

१९ फेब्रुवारी

नवीनच प्रकार. डिस्क जागेवर, केबल घट्ट, कॉम्प्युटर जागा. तरी पडद्यावर: "काही फाइलींची प्रत करता आली नाही." बटण दाबून पुन्हा करवला. पुन्हा तेच. बाकी सगळ्या फाइली उतरल्या, या काही तेवढ्या मागे राहिल्या.

लिफ्टमध्येही असंच व्हायचं. एक बिघाड काढला की त्याच्या मागे लपलेला दुसरा पुढे यायचा. आधीचे दोन मी काढले म्हणून हा दिसला, नाहीतर दिसलाच नसता. घाई करायची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं.

२० फेब्रुवारी

केबल बदलली. फसला.

२१ फेब्रुवारी

दुसऱ्या भोकात लावली. फसला.

२३ फेब्रुवारी

बायकोला कॉम्प्युटर आत घेईना. पासवर्ड चुकीचा म्हणत होता. "तू बदललास," ती मला म्हणाली. मी कशाला बदलू? तो तिचाच आहे, तिनेच ठेवलेला. जरा जोरात बोललो मी. ती स्कॅनरचं झाकण उघडून पुसायला लागली. आधीच स्वच्छ होतं.

मग मीच पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला. एवढे पासवर्ड कुणाच्या लक्षात राहतात? बँकेचा वेगळा, फोनचा वेगळा. माणसाने डोकं कुठे कुठे चालवायचं?

१ मार्च

लेकीचा फोन. मी सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, डिस्कवर काही खराब जागा असू शकतात, पूर्ण पुसून पुन्हा भरा. मग म्हणाली, "आई काय करतेय?"

"फोटोंना नावं ठेवतेय."

"माझ्या पण?"

"तुझ्या तर आधी. शेंबूड दिसतोय त्यात."

हसली. मग म्हणाली, "बाबा, परवा तिने मला शेजारच्यांच्या मांजरीची गोष्ट सांगितली. आणि फोन ठेवायच्या आधी परत सांगितली. तीच. तशीच."

"अगं, ती मांजर आहेच तशी," मी म्हटलं. "मीही सगळ्यांना दोनदा सांगितली."

मग डिस्क पुसायची कशी ते लेकीने पायरी पायरीने सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

४ मार्च

डिस्क पुसली, नव्याने भरली. अर्धा दिवस गेला. फसला. आणि मागे राहणाऱ्या फाइली वाढत चालल्या आहेत. मागच्या आठवड्यात मूठभर होत्या, आता पडदा भरून खाली सरकवाव्या लागतात.

मला संशय आला तो तिच्या नावांचा. एवढी लांबलचक नावं! डिस्कला पेलत नसतील. तिला म्हटलं, जरा छोटी लिही. "सहल." "वाढदिवस." संपलं.

"वाक्य पुरं झाल्याशिवाय मी सोडत नाही," ती म्हणाली. "तू लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे सोडायचास का?"

पण संशय तपासून बघायचाच म्हणून तिचं सगळ्यात लांब नाव शोधून काढलं. "याने आपले बूट मला दिले आणि स्वतः मोज्यांवर टेकडी उतरला, वर तोंडाने गवत मऊ आहे म्हणतोय." टेकडीवरचा आमचा फोटो, लग्नाच्या आधीचा. ही फाइल बिनतक्रार उतरली होती. म्हणजे लांबीचा प्रश्न नाही.

गवत मऊ नव्हतं. पण ते तिला तेव्हाच कळलं होतं, हे मला आज कळलं.

९ मार्च

बायको वाचनालयातून यायला फार उशीर झाला. फोन घरीच विसरली होती. मी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. आली ती उलट्या दिशेने. म्हणाली, रस्ता खणून ठेवलाय म्हणून वळसा पडला. नंतर मी भाजी आणायला गेलो तेव्हा मुद्दाम बघितलं. खणलेला रस्ता कुठे दिसला नाही. बुजवला असेल. हल्ली कामं पटापट करतात.

बॅकअप फसला.

१३ मार्च

आज कॉम्प्युटर आणि डिस्क दोन्ही पिशवीत घालून बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. चालवणारी बाई पन्नाशीची, चष्मा कपाळावर, आणि एका हाताने चहा पिता पिता दुसऱ्या हाताने स्क्रू काढणारी. मला आवडली. मी लिफ्टवाला होतो म्हटल्यावर तिने मला स्टूल दिलं आणि तिच्या इमारतीतल्या लिफ्टचं दार दर वेळी दोनदा का उघडतं ते विचारलं. मी सांगितलं. मग माझं काम काढलं.

तिने आधी डिस्क तपासली. चांगली आहे. मग राहिलेल्या फाइलींची नावं पडद्यावर आणली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वर खाली, वर खाली बघत बसली.

"ही नावं कोण लिहितं?"

"बायको."

"प्रत्येक नावात प्रश्नचिन्ह आहे बघा."

मी बघितलं. खरंच. एकूण एक. मी इतके दिवस लांबी मोजत बसलो होतो आणि हे समोर असून दिसलं नव्हतं.

तिने समजावून सांगितलं. आमच्या कॉम्प्युटरला नावातलं प्रश्नचिन्ह चालतं. पण डिस्क वेगळ्या पद्धतीने तयार केलेली आहे, कुठल्याही मशीनवर चालावी अशी, आणि त्या पद्धतीत प्रश्नचिन्ह नावात घ्यायला मनाई आहे. तेवढ्या फाइली ती दारातूनच परत पाठवते. "दोन उपाय," ती म्हणाली. "एकतर डिस्क तुमच्या कॉम्प्युटरच्या पद्धतीने नव्याने तयार करायची. पण मग दुसऱ्याच्या मशीनवर ती चालेलच असं नाही. नाहीतर प्रश्नचिन्हं काढायची. सगळी एकदम काढता येतात, दाखवते."

लेकीच्या मशीनवर चालायला हवी, म्हणून मी दुसरा उपाय घेतला.

"पण बाई एवढे प्रश्न का विचारतात फोटोंना?" तिने विचारलं.

"मुद्रितशोधक होती," मी सांगितलं. "जिथे खात्री नाही तिथे समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि लेखकाकडे परत पाठवायचं. तीच सवय."

"चांगली सवय आहे," दुकानवाली म्हणाली. तिने डिस्क पिशवीत ठेवून दिली, आणि मी बाहेर पडत होतो तेव्हा मागून म्हणाली, "काका, पुष्कळच आहेत पण."

पुष्कळ आहेत म्हणूनच तर एकदम काढायची.

१४ मार्च

झाला! बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. मी दुकानवालीने दाखवलं तसं केलं, एक बटण, आणि सगळी प्रश्नचिन्हं गेली. एकेक नाव वाचत बसलो नाही, उगाच वेळ जातो. मग बॅकअप लावला आणि समोर खुर्ची टाकून बसलो. "सर्व फाइलींची प्रत पूर्ण." लिफ्ट पहिल्यांदा तळापासून वरपर्यंत धक्का न देता जाते तेव्हा जे वाटतं तेच वाटलं. लेकीला लगेच फोन लावला. ती कामात होती, तरी "शाब्बास बाबा" म्हणाली.

१५ मार्च

सकाळी बायको स्कॅनरशी बसली होती. मी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "माझी प्रश्नचिन्हं कुठे गेली?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं. बिघाड काय होता, कसा सापडला, कसा काढला.

ती चिडली की तिचा आवाज लहान होतो. "इकडे ये," म्हणाली. शेजारी बसवलं. पडद्यावर एक फोटो होता. तीनचाकी सायकल, पुढचे दात पडलेले, ठिपक्यांचा फ्रॉक. "वाच."

"काय?"

"खाली नाव आहे. वाच."

"ही मुलगी कोण."

"कसं वाटतं?"

"अर्धवट."

"कारण मी विचारलं होतं. तू विचारणंच काढून टाकलंस."

मी म्हटलं, "अगं, पण ही तर आपली..." आणि तिथेच अडकलो. मला आधी वाटलं होतं थट्टा करतेय. तिच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती.

"आपली लेक आहे," ती म्हणाली. "माहितीय. आज बघितल्याबरोबर कळलं. पण नाव लिहिलं त्या दिवशी नव्हतं कळलं. पुष्कळ वेळ बघत बसले होते. फ्रॉक ओळखला. मी शिवलेला, ठिपके जुळवताना जीव गेला होता. फ्रॉक ओळखला आणि आतली पोरगी नाही ओळखली."

मी खाली सरकवत गेलो. काल वाचायची तसदी घेतली नव्हती ती सगळी नावं. "मावशी की आत्या." "हे घर कोणाचं." "मी इथे का रडतेय." "यातली मी कुठली." ओळीने, अर्धवट, उघडी. ज्यांनी मला तीन आठवडे छळलं त्या याच फाइली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तू केबल शोधत होतास."

मग ती म्हणाली, "अंदाजाने काहीतरी लिहून टाकता आलं असतं. पण मग उद्या मला तेच खरं वाटेल. नाही माहीत तिथे नाही माहीत असं लिहायचं. एवढं अजून जमतंय मला."

मी विचारलं, "आणि ते पहिल्या वेळचे? जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेले ते? त्यांच्यातही होती प्रश्नचिन्हं?"

"ते मला काय विचारतोस!" ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो. हसता हसता तिने माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

१६ मार्च

लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. लिहवत नाही.

१७ मार्च

मधली सगळी पानं उघडून वाचली. कॉफी दोनदा. खणलेला रस्ता. पासवर्ड. मी लिहून ठेवलं आहे, तारीख घालून, आपल्या हाताने. लेकीने मांजरीचं सांगितलं तेही लिहिलं आहे. लिफ्टच्या कामात मी नव्या पोरांना सांगायचो की आवाज ऐका, मशीन आधी आवाज करतं. आणि इथे शेजारी बसून जेवत होतो.

पण तिला हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "पुरे. आता मला तुझीही समजूत काढायला लावू नकोस."

मग पिशवी उचलली आणि पुन्हा दुकानात गेलो. दुकानवालीला म्हटलं, डिस्क आमच्या कॉम्प्युटरच्या पद्धतीने तयार करून द्या. तिने का ते विचारलं नाही. म्हणाली, "प्रश्नचिन्हं राहू द्यायची ना?"

"हो," मी म्हटलं. "आम्हाला लागतात ती."

घरी येऊन प्रश्नचिन्हं मीच लावायला बसलो होतो, पण बायकोने उठवलं. दुसऱ्याने लावलेल्या खुणा तिला चालत नाहीत. ती एकेक लावत होती आणि मी शेजारी बसून बघत होतो. काही ठिकाणी तिने लावलं नाही. विचार करून उत्तरच लिहिलं. सायकलच्या फोटोखाली आता आमच्या लेकीचं नाव आहे आणि पुढे "ठिपके जुळलेत, बघ."

२२ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आलो. तरुण बाई आहेत, सावकाश बोलतात. त्यांनी बायकोला वस्तूंची नावं विचारली, आकडे उलटे म्हणायला लावले, एक गोष्ट सांगून मग ती पुन्हा सांगायला लावली. मी बाजूला बसून मनातल्या मनात उत्तरं देत होतो. शेवटी त्यांनी घरी वाचायला म्हणून एक छापील पान दिलं. बायकोने तिथेच पर्समधून पेन काढून त्यातल्या दोन चुका सुधारल्या आणि परत केलं. डॉक्टर हसल्या. मग मला म्हणाल्या की हे हळूहळू वाढत जाईल, किती हळू ते कुणालाच सांगता येणार नाही. गोळ्या दिल्या आहेत. ज्या गोष्टी तिला आवडतात त्या चालू ठेवा म्हणाल्या, आणि एकटीला करायला लावू नका.

येताना रिकामी बस मिळाली. ती खिडकीशी बसली. म्हणाली, "तुला भीती वाटतेय का?"

"हो."

"मलाही. पण आज नको. आज ऊन छान आहे."

२४ मार्च

लेकीला मी सांगणार होतो. शब्द जुळवून ठेवले होते. बायकोने फोन माझ्या हातातून घेतला. "माझी बातमी आहे, मीच सांगणार."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. तिने दोन वाक्यांत सांगितलं. मग बराच वेळ नुसतं "हं, हं. रडू नकोस. हं." मग म्हणाली, "ऐक, तुला एक विचारू? तुझा तो ठिपक्यांचा फ्रॉक कुणाला दिला आपण?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं आणि दोघी हसायला लागल्या.

लेक पुढच्या महिन्यात येतेय, सुट्टी घेऊन.

३ एप्रिल

बॅकअप रोज होतो. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही.

आता दुपारी आम्ही दोघं बसतो. ती फोटो लावते, अडली की विचारते, मी सांगतो, ती लिहिते. मी फार वाईट सांगतो. मला माणसं आठवतात ती जिने आणि मजले धरून. परवा तिच्या बहिणीच्या लग्नाचा फोटो आला. मी म्हटलं, "तुझ्या बहिणीचं लग्न. हॉल तिसऱ्या मजल्यावर होता, लिफ्ट चार माणसांची."

"आणि बहीण कशी दिसत होती?"

"बरी."

"लिफ्टबद्दल जास्त बोललास."

मग मी डोळे मिटून नीट आठवलं. म्हटलं, तिचा पदर सारखा घसरत होता आणि तू मागे उभी राहून पिना लावत होतीस, एक पीन तोंडात धरून सगळ्यांशी बोलत होतीस, मला भीती वाटत होती की गिळशील. बायकोने हे सगळं लिहिलं, पीनसकट. लिहिता लिहिता थांबून म्हणाली, "तू मला बघत होतास होय, बहिणीला नाही." तेही लिहिलं.

काही फोटोंतली माणसं मलाही ओळखू येत नाहीत. कोण होती, कुणाबरोबर आली होती, काही पत्ता नाही. तिथे आम्ही दोघं सारखे. ती माझ्याकडे बघते, मी खांदे उडवतो, आणि ती मोठ्या समाधानाने प्रश्नचिन्ह लावते.

११ एप्रिल

आज वाईट दिवस होता. सकाळपासून ती घरी जायचं म्हणत होती. हेच घर आहे म्हटलं की आणखी घाबरायची. शेवटी मी वाद घालणं सोडलं. चपला घातल्या, तिला घेऊन बाहेर पडलो, दोन गल्ल्या फिरून, बागेच्या कठड्यावर बसून परत आलो. दार उघडलं तेव्हा "आलो बाई एकदाचे" म्हणाली आणि आत जाऊन पंख्याखाली बसली.

फोटोंचं खोकं उघडलं नाही. संध्याकाळी तिच्या केसांना तेल लावून दिलं. मला नीट जमत नाही. तिने मान हलवून "डावीकडे राहिलंय" एवढं सांगितलं, आणि ते खरं होतं.

१८ एप्रिल

लेक येऊन आज परत गेली. आली त्या दिवशी दारातच आईने तिला नावाने हाक मारली. लेक माझ्याकडे बघत राहिली, मी मान डोलावली, म्हणजे आजचा दिवस चांगला आहे. चार दिवस घर भरून गेलं होतं. लेकीने फोटोंची एक प्रत स्वतःकडे ठेवली आहे. डिस्क तिच्या मशीनवर चालणार नव्हती, म्हणून तिने दुसराच काहीतरी मार्ग काढला. मी समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. निघताना ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही जाडे झालात का जरा?" स्वयंपाक आता मी करतो, आणि चव बघत बघत करतो.

२७ एप्रिल

शेवटचं खोकं उघडलं आहे. छापखान्यातले फोटो. आज दुपारी मी कॉफी घेऊन गेलो तर ती पडद्याकडे बघत बसली होती, हनुवटी तळहातावर.

एक तरुण माणूस लिफ्टच्या टपावर उभा आहे, वरून काढलेला फोटो. टोपी वाकडी, हात ग्रीसने काळे, कान बाहेर आलेले. वर बघून हसतोय. खाली तिने लिहिलं होतं, "हे कोण?"

मी तिच्या मागे उभा राहिलो. इतक्या वर्षांत तिने मला अहो-जाहो केलं ते फक्त चिडवायला. मी वाट बघत राहिलो.

"बरे दिसतात," ती म्हणाली.

"हो?"

"कान जरा मोठे आहेत. पण हसणं चांगलं आहे. लग्न झालं असेल का यांचं?"

"झालंय."

"वाटलंच मला. असली माणसं राहतात होय शिल्लक!" आणि ती हसली, नेहमीसारखीच, ओठाच्या एका कोपऱ्यातून. मीही हसलो. तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. थट्टा होती की नव्हती, मला कळलं नाही. विचारता आलं असतं. नाही विचारलं.

तिने मागे वळून बघितलं. "उभे का तुम्ही? बसा ना." शेजारच्या खुर्चीवरचे फोटो उचलून तिने मांडीवर घेतले आणि मला जागा केली. "तुम्हाला माहितीय का, कोण आहेत ते?"

मी कॉफी खाली ठेवली आणि बसलो.

"माहितीय," मी म्हटलं. "छापखान्याची लिफ्ट मधेच बंद पडली होती. आत एक मुलगी अडकली होती, प्रुफांचा गठ्ठा छातीशी धरून. घाबरली असेल म्हणून यांनी टपावरून हाक मारली, तर आतून आवाज आला, जरा थांबा, एवढं पान संपवते."

"मग?" ती म्हणाली, आणि बोटं कीबोर्डवर ठेवली.